न तापलेली माती

रोपवाल्या मावशीला खोटं बोलता येत नाही असं सगळं गाव म्हणायचं, आणि मावशी स्वतः तर दिवसातून चारदा म्हणायची. गिऱ्हाईक यायचं, विचारायचं, "मावशी, हे झाड गॅलरीत जगेल ना?" की ही कमरेवर हात ठेवून उभी. "नाही जगणार. न्यायचं तर ने, पण मेलं म्हणून माझ्या दारात रडत येऊ नकोस." अशानं खरं तर धंदा बुडायला हवा होता. पण लोक तिच्याचकडे जायचे. जी बाई स्वतःच्या मालाला तोंडावर नावं ठेवते, तिनं 'जगेल' म्हटलं की जगणारच, अशी त्यांची खात्री. मावशीलाही ह्याची ऐट होती. थोडीथोडकी नाही, चांगली पोतंभर ऐट होती.

अशा ह्या बाईनं एका सभेत दोनच शब्द उच्चारले. दोन्ही अगदी खरे. आणि त्या दोन शब्दांपायी पुढं तिला मान वर करून रस्त्यानं चालवेना. ती हकिगत सांगायची आहे, आणि मावशीची बाजू घेऊन सांगायची नाही, हे आधीच बोलून ठेवलेलं बरं.

नर्सरी मूळची तिच्या मामांची. आई लवकर गेली, मामांनी वाढवलं, शाळा सुटल्यावर हातात खुरपं दिलं. मामा एरवी गरीब स्वभावाचे, मातीच्या बाबतीत मात्र कर्दनकाळ. बाहेरून आलेली माती सरळ पिशवीत भरायची नाही म्हणजे नाही. आधी ती वीतभर जाडीची पसरायची, पाणी मारायचं, तिच्या पोटात काय काय दडलंय ते उगवू द्यायचं. उगवलं की मुळासकट उपटायचं. मग पुन्हा पाणी, वर प्लॅस्टिकचा कागद, कडेनं दगड, आणि चाळीस दिवस कडक ऊन. ह्याला ते माती तापवणं म्हणत. मावशी विशीत असताना तिनं एकदा तिसाव्या दिवशीच कागद उचलला, तर तिनं भरलेल्या दोनशे पिशव्या मामांनी तिच्यादेखत रस्त्यावर ओतल्या. तोंडातून शब्द काढला नाही. मावशी पुढं ही गोष्ट प्रत्येक नव्या कामवालीला सांगायची. सांगता सांगता गोष्टीत मामांच्या जागी हळूहळू मावशीच उभी राहायला लागली होती, ते सोडा.

आता हिरव्या वाटेचं. गावाच्या उत्तरेला राखीव जंगल होतं. कागदावर सगळ्यांचं, प्रत्यक्षात कुणाचंच नाही. मधे गोदामं, गोदामांची तारेची कुंपणं, आणि एक कोरडा पडलेला कालवा, ज्यात फुटक्या कमोडपासून जुन्या गाद्यांपर्यंत काय वाटेल ते पडलेलं असायचं. जंगलाच्या फाटकाशी जायचं तर हायवेनं बारा किलोमीटरचा वळसा. निम्म्या गावानं ते जंगल गच्चीवरूनच पाहिलेलं. हेडमास्तर निवृत्त झाले, आणि घरात बसून बायकोच्या डोक्यावर मिरे वाटण्यापेक्षा गावाच्या डोक्यावर वाटावेत असं त्यांनी ठरवलं. कालव्याच्या काठानं थेट जंगलाच्या फाटकापर्यंत पाच किलोमीटरची पायवाट करायची, दोन्ही अंगांना झाडं लावायची, गाडीला मनाई. म्हातारा माणूस काठी टेकत जाईल आणि आई बाबागाडी ढकलत जाईल अशी. समिती झाली, हेडमास्तर अध्यक्ष झाले, भांडणं झाली, गोदामवाले आधी नाही म्हणाले, मग हो म्हणाले. रविवारी शंभर-शंभर माणसं फावडी घेऊन यायला लागली. न्हावी आला, दातांचे डॉक्टर आले, बँकेतल्या बायका आल्या. हेडमास्तर शिट्टी वाजवून सगळ्यांना कामाला जुंपायचे. लोक वैतागायचे आणि पुढच्या रविवारी परत यायचे.

शेवटचा किलोमीटर राखीव हद्दीला लागून होता. तिथं ट्रॅक्टर आणायचा नाही असं वनखात्यानं लेखी कळवलं. मग खडी, मुरूम, रोपं न्यायची कशी?  तेव्हा मागून एक माणूस म्हणाला, "मालकीणबाईंना विचारून बघतो."

मालकीणबाई म्हणजे त्याचं खेचर. हा खेचरवाला टेकडीवरच्या घरांना सिलिंडर आणि सिमेंटच्या गोण्या पोचवायचा. पन्नाशी उलटलेला, एकटा जीव. जे काही बोलायचं ते खेचराशी, आणि तेही अहो-जाहो करून. "चला, मालकीणबाई. दमलात? मग टेका घटकाभर. आम्ही कोण तुम्हाला बोलणार!" रविवारची माणसं हसून हसून बेजार व्हायची. सात महिने त्या जनावरानं पाठीवरून खडी वाहिली, आणि खेचरवाल्यानं एक दिवस कधी 'उद्या जमणार नाही' म्हटलं नाही. रोपंही त्याच्याच टोपल्यांतून जायची. तो मावशीला ताई म्हणायचा. रोप उतरवताना एकेक पिशवी दोन्ही हातांनी, बुडाला आधार देऊन उतरवायचा. हे मावशीनं त्याला शिकवलं नव्हतं, आणि असल्या गोष्टी तिच्या नजरेतून सुटत नसत. तिला हा माणूस मनापासून आवडला होता.

उद्घाटनाची तारीख ठरली, आणि ठरल्यावर अलीकडे आली. कुणी मोठे साहेब बदलून जाणार होते, त्यांच्या हस्ते व्हायचं तर दोन महिने आधी व्हायला हवं. हेडमास्तर नर्सरीत आले. "मावशी, शेवटच्या टप्प्याची नऊशे रोपं. मोठ्या पिशव्यांतली हवीत, दिसायला भरगच्च. होतील ना?"

इथं मावशीनं नेहमीसारखे हात कमरेवर ठेवून 'नाही' म्हणायला हवं होतं. पण वाटेच्या तोंडाशी जो दगडी फलक बसणार होता त्यावर तिच्या नर्सरीचं नाव कोरायचं ठरलं होतं. नाव! भल्याभल्यांना जे चुकलं नाही ते तिला कसं चुकणार? "होतील की," ती म्हणाली.

नऊशे रोपं लहान पिशव्यांतून मोठ्या पिशव्यांत घालायची तर माती हवी, आणि तापवलेली माती संपलेली. मावशीनं बंद पडलेल्या वीटभट्टीच्या खड्ड्यातून दोन ट्रॉल्या माती आणवली. माती काळीभोर आणि भुसभुशीत. पण त्या खड्ड्याभोवती मिठीवेल माजलेली होती. मिठीवेल म्हणजे दिसायला गोड, पांढरी फुलं, पानाची मागची बाजू जांभळी. झाडाला मिठी मारते आणि मरेपर्यंत सोडत नाही. मावशीची सून तिच्याबरोबरच नर्सरीत राबायची. ती म्हणाली, "आई, ही तर पक्की तापवायला हवी."

"तापवू की. मला शिकवतेस?"

माती पसरली, कागद घातला, कडेनं दगड ठेवले. आणि अकराव्या दिवशी मावशीनं तो कागद स्वतःच्या हातांनी ओढून काढला. सून बघतच राहिली.

"बघतेस काय? भर पिशव्या."

रोपं रवाना व्हायच्या आठवड्यात काही पिशव्यांत, खोडाच्या बुडाशी, दोन-दोन पानांची नखभर पिल्लं दिसायला लागली. मावशीनं पान उलटून पाहिलं. जांभळं. तिनं चिमटीनं उपटलं. जी दिसली ती सगळी उपटली. जी दिसली नाहीत ती मालकीणबाईंच्या पाठीवर बसून जंगलाच्या दारात गेली.

उद्घाटन झोकात झालं. मावशीच्या गळ्यात हार पडला. खेचरवाल्याच्या गळ्यात घालायला हार उरला नव्हता, तर त्यानं हसून मालकीणबाईंची मान पुढं केली, तेव्हा कुणीतरी टेबलावरची फुलं उचलून तिच्या कानाला अडकवली. गाव त्या वाटेवर अक्षरशः वाहायला लागलं. ज्या बायका वीस वर्षं घराबाहेर फिरायला पडल्या नव्हत्या त्या पहाटे बूट घालून निघायला लागल्या. खेचरवाल्याचंही बरं झालं. त्याचं घर शेवटच्या टप्प्यालाच होतं, टेकडीवर माल न्यायला त्याला हायवेचा वळसा घ्यावा लागेना.

दीड वर्षानं वनरक्षक बाई समितीच्या सभेला आल्या आणि वाचनालयातल्या लांब टेबलावर त्यांनी एक भारा टाकला. पांढरी फुलं, जांभळी पानं. "ही जंगलाच्या आत दोनशे पावलांवर मिळाली," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे ही कधी नव्हती. तुमच्या वाटेवरून आली आहे. बाकी वाटेवर नाही, फक्त शेवटच्या किलोमीटरात आहे, आणि तिथं नुसती माजली आहे."

 शेवटच्या किलोमीटरात असं काय होतं जे बाकी वाटेवर नव्हतं? मग दातांचे डॉक्टर हळूच म्हणाले, "ते खेचर. सात महिने तिथंच राबत होतं." आणि एकदम तीसेक माना मागं वळल्या.

खेचरवाला शेवटच्या बाकावर बसला होता. तो उठून उभा राहिला, जसा काही वर्गात गुरुजींनी उभं केलंय. खेचर काय वाट्टेल ते खातं, कुठंही चरतं, वाटेवर लीद टाकतं. सगळं कसं चपखल बसत होतं! हेडमास्तरांनी चष्मा काढून पुसला. "थांबा, घाई नको. आपल्यात ह्यातलं कळणारं एकच माणूस आहे. मावशी, तुम्ही सांगा. लिदेतून बी येऊ शकतं का?"

 भारा टेबलावर पडल्यापडल्याच मावशीला सगळं कळलं होतं. तो शेवटचा किलोमीटर, ती नऊशे रोपं, ती अकरा दिवसांची माती. बोलायला दोन श्वास पुरेसे होते. पण समोर सगळं गाव, आणि गावाच्या डोळ्यांत तो भरवसा, मावशी सांगेल ते खरं. तो भरवसा तिच्या हातून सोडवेना.

"येऊ शकतं," मावशी म्हणाली.

येऊ शकतंच. त्यात खोटं काय? माळीकाम करणारं कुणीही सांगेल. असं एकही अक्षर खोटं न बोलता मावशीनं एका माणसाचा गळा कापला, आणि मान खाली घालून बसली.

दहा मिनिटांत ठराव झाला. वाटेवर जनावरांना बंदी. खेचरवाला अजून उभाच होता. "मालकीणबाईंना काय कळणार," तो म्हणाला, "मला कळायला हवं होतं. माफी असावी सगळ्यांची." आणि दार हळू ओढून घेऊन निघून गेला.

दुसऱ्या आठवड्यात फलक लागले. खेचरवाल्याची टेकडीची वाट तुटली. पुन्हा हायवेचा वळसा, डांबर, ट्रकांचे हॉर्न. मावशी पहाटे एकटीच उठून शेवटच्या किलोमीटरात वेल उपटायला जायला लागली. कुणाला न सांगता, चोरासारखी. तिथं दुसऱ्याच दिवशी वाटेच्या पलीकडच्या अंगाला कुणीतरी वाकलेलं दिसलं. खेचरवाला. वेलीच्या चिवट देठांनी त्याच्या बोटांना चिरा पडल्या होत्या.

"ताई, तुम्ही कशाला आलात?" तो ओशाळून म्हणाला. "मी काढतो की. तुमची लेकरांसारखी रोपं माझ्यापायी गुदमरली. मला झोप लागत नाही हो."

 धरणीनं पोटात घ्यावं असं मावशीला वाटलं, पण धरणी कशाला घेते? ती वाकून वेल उपटत राहिली. वेल खोडाच्या अगदी बुडातून, पिशवीतल्या मातीच्या काळ्या गोलातूनच वर आलेली होती. आंधळ्यालाही दिसावं. पण तो बापडा स्वतःला गुन्हेगार समजून काम करत होता. कुठून उगवलंय ते बघायची त्याला गरजच वाटली नाही.

असे पाच आठवडे गेले. मावशीनं गिऱ्हाइकांसमोर मालाला नावं ठेवणं सोडलं. कुणी विचारलं, जगेल का, तर "बघा लावून" म्हणायची. कामवालीला मामांची गोष्ट सांगायला गेली आणि अर्ध्यात उठून नळ बंद करायच्या निमित्तानं निघून गेली. नळ बंदच होता. एका दुपारी जेवताना सून म्हणाली, "आई, त्या माणसाला तुम्ही सांगताय की मी सांगू?"

"आणि नर्सरीला टाळं लावू? कोण घेईल आपल्याकडून रोप? तुझ्या पोरांच्या तोंडात काय घालू?"

"पोरांचं नाव मधे आणू नका," सून म्हणाली, आणि ताट उचलून बाहेर ओट्यावर जाऊन जेवली. सासू-सुनेचं त्या घरात कधी वाजलं नव्हतं. 

मग एका सकाळी खेचरवाला वेल उपटायला आला तो उशिरा आला. डोळे लाल.

"मालकीणबाईंना दिलं," तो म्हणाला. "हायवेपलीकडच्या बागवाल्याला. ह्या वयात डांबरावर त्यांचे खूर झिजायला लागले होते. आणि खरं सांगू, ताई? वाटेवर एवढं नुकसान झालेलं बघितलं की घरी गेल्यावर त्यांच्यावर चिडायला व्हायचं. एकदा हात उगारला मी. सोळा वर्षांत पहिल्यांदा. म्हटलं, त्यापेक्षा नकोच."

मावशीच्या हातातला वेलीचा गुंडाळा खाली पडला. ती तशीच, मातीच्या हातांनी, हेडमास्तरांच्या घरी गेली आणि पायरीवरूनच सगळं सांगून टाकलं. अकरा दिवस, कागद, जांभळी पानं, सभा. आता आभाळ कोसळणार, असं तिनं धरलंच होतं.

हेडमास्तरांनी तिला आत बसवलं, चहा सांगितला. दोन घोट होईपर्यंत विचार केला. "अहो मावशी, चुकतं माणसाचं! घाई तर आम्हीच केली. तुमचं एवढं काम, त्यापुढं हे काय? आता मात्र हे चारचौघांत नको. गोदामवाले टपूनच बसलेत, उद्या कुंपणं परत घालतील."

"आणि खेचरवाला?"

"साधा माणूस आहे हो. विसरेल."

मावशी बाहेर पडली तेव्हा तिला हलकं वाटत होतं, अगदी अंगणाच्या फाटकापर्यंत. फाटकाची कडी लावताना तिच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि लाजेनं तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्या माणसानं काहीच केलं नव्हतं, त्याला दहा मिनिटांत वाटेवरून हाकललं. हिनं सगळं केलं, आणि हिला दोन घोटांत माफी! वर चहा. कारण काय, तर ही रोपवाली मावशी आणि तो खेचरवाला. आणि ही माफी घेऊन आपण दहा पावलं खुशीत चाललो, हे तिला सगळ्यांत जास्त लागलं. तिनं कडी सोडली, लावली, परत सोडली. मग ती सरळ शेवटच्या टप्प्याकडे चालायला लागली.

खेचरवाला रिकामा गोठा धूत होता. जनावर नाही तरी धूत होता. मावशी दारात उभी राहूनच बोलली. ह्या वेळी शब्द जुळवले नाहीत, आडपडदा ठेवला नाही.

त्यानं झाडू भिंतीला टेकवला. "म्हणजे लिदेतून नाही आलं?"

"नाही."

"सभेत विचारलं तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"आणि इथं रोज माझ्या शेजारी बसून उपटत होतात, तेव्हाही?"

"तेव्हाही."

त्यानं बादलीतलं उरलेलं पाणी फरशीवर ओतलं. मग त्यानं विचारलं, अगदी साधेपणानं, जसं काही खरंच उत्तर हवंय, "मग मी त्यांना दिलं ते कशासाठी?"

मावशीला रडू फुटलं.

"रडू नका," तो म्हणाला. "मला आत्ता तुमची समजूत काढता यायची नाही."

"मी परत आणते त्यांना."

"कुठल्या तोंडानं मागायचं? बागवाल्याला मीच सांगून आलोय, हे जनावर बाधतं, रानात सोडू नका म्हणून."

"तुम्ही नका मागू. मी सांगते त्याला, माझ्या तोंडानं."

 तो आत गेला, आणि दार ओढून घेतलं, सभेतून जाताना ओढलं होतं तसं, हळू.

दुसऱ्या दिवशी रविवार. मावशी सकाळीच बागवाल्याकडे गेली. अनोळखी माणूस, पण पहिलं वाक्य बोलायला तिला चार वेळा खाकरावं लागलं. बागवाल्यानं ऐकून घेतलं आणि दोरी तिच्या हातात दिली. "न्या बाई. नाहीतरी ते माझं ऐकत नव्हतंच. शिव्या दिल्या तरी जागचं हलत नाही."

"शिव्या नाही द्यायच्या," मावशी म्हणाली. तिनं इकडं तिकडं पाहिलं आणि खालच्या आवाजात म्हटलं, "चला, मालकीणबाई." खेचर चालायला लागलं.

हायवेनं नेलं असतं तर कुणी पाहिलं नसतं. मावशीनं गावातूनच वाट धरली. वाटेच्या तोंडाशी, बंदीच्या फलकासमोर न्हावी भेटला. "मावशी, हे काय? जनावराला मनाई आहे ना?"

"मनाई चुकीची आहे. वेल माझ्या मातीतून आली. मी माती तापवली नव्हती, आणि सभेत गप्प बसले."

न्हाव्याला वाटलं मावशी चेष्टा करते. तो हसला, मग तिचा चेहरा बघून थांबला. पुढं पहिल्या नळापाशी बँकेतल्या बायका. त्यांना सांगितलं. एक म्हणाली, "अगं बाई!" आणि दुसरीनं मावशीकडे न बघता बूट घट्ट बांधले. मग धावत येणारे दातांचे डॉक्टर.

"पण तुम्हीच तर म्हणालात, येऊ शकतं!"

"येऊ शकतं. आलं नव्हतं. आणि ते मला माहीत होतं."

दर खेपेला वाटायचं, आता पुढचं सोपं जाईल. एकदाही सोपं गेलं नाही. उलट दर माणसागणिक नवी लाज, कारण प्रत्येकाचा चेहरा वेगळ्या तऱ्हेनं पडायचा. दुसऱ्या नळापाशी हेडमास्तर, बाहेरगावाहून वाट बघायला आलेल्या सात-आठ पाहुण्यांना घेऊन उभे. त्यांनी मावशीला पाहिलं, दोरी पाहिली, आणि पटकन पुढं आले. "मावशी, नंतर बोलू आपण."

"नंतर नाही, सर." तिनं पाहुण्यांसमोर पहिल्यापासून सगळं सांगितलं. मामांचे चाळीस दिवससुद्धा, आणि ओतलेल्या दोनशे पिशव्या कुणाच्या हातच्या होत्या तेसुद्धा. "फलक काढा," ती शेवटी म्हणाली. "दोन्ही. बंदीचा, आणि माझ्या नावाचा." हेडमास्तर लालबुंद झाले.  पाहुण्यांतली एक बाई वहीत लिहीत होती, ती लिहायची थांबली.

खेचरवाल्याच्या घरी पोचली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. बोलून बोलून मावशीचा घसा बसला होता. तरी खरं सांगायचं तर आत कुठंतरी तिला वाटत होतं की आपण काहीतरी मोठं करून आलोय. तो बाहेर आला. दोरीला हात न लावता आधी मालकीणबाईंपाशी गेला, कपाळ त्यांच्या मानेला टेकलं, चारी खूर उचलून पाहिले, ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. मग मावशीकडे वळला.

"पाणी पाजलंत का ह्यांना?"

वाटेवर दोन नळ होते. दोन्हींपाशी मावशी उभी राहिली होती, चांगली पाच-पाच मिनिटं, आणि आपली गोष्ट सांगितली होती. जनावर शेजारी उन्हात उभं होतं. तिला एकदाही सुचलं नव्हतं.

"नाही," मावशी म्हणाली.

त्यानं तिच्या हातातून दोरी घेतली आणि बादली भरायला निघून गेला.